पद्मिनीचा कार्ब्युरेटर उतरवून फ्युएल इंजेक्शन बसवताना

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आणि सोशिक आहे. ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, चार सिलिंडर, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. वर हवेत पेट्रोल मिसळणारा एक कार्ब्युरेटर आणि बाजूला प्लगना ठिणगी वाटणारा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर. कुठल्याही तालुक्याच्या गावी उघडता येतं आणि बंदही करता येतं. अशा इंजिनाचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आणि ते चालवणारा कॉम्प्युटर लावायचा तर कारण पक्कं हवं.

पहिलं कारण पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. कार्ब्युरेटरमधल्या पितळी जेटचं भोक काही आपोआप मोठं होत नाही, म्हणून गाडी लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालते, तापते, पिकअपला अडखळते. दुसरं कारण घाट. चढावर पेट्रोल उकळून गाडी थांबली की इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बोनेट उघडी ठेवून बसायचा प्रसंग जुन्या गाडीवाल्यांना नवा नाही. इंजेक्शनमधलं तीन बार (हवेच्या दाबाच्या साधारण तिप्पट) दाबाखालचं पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही. शिवाय महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या १०१ किलोपास्कलवरून ८६ वर येतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, इंजेक्शनचा प्रेशर सेन्सर मात्र ते मोजतो. ताकद वाढेल या आशेनं कुणी हे काम करू नये. चाळीसच्या पंचेचाळीस हॉर्सपॉवर होत नाहीत.

कागदपत्रं आधी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं. काम हाती घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर आणखी एक अडचण आहे. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असण्याची अट आहे. तुमची फियाट ११०० (पद्मिनीची पूर्वज) किंवा सुरुवातीची पद्मिनी त्या नोंदणीला पात्र असेल तर इंजेक्शनचा नाद सोडा. कार्ब्युरेटरच नीट ओव्हरहॉल करा आणि जेट एक-दोन नंबर वाढवून पाहा.

बाकीच्यांनीही काम उलटवता येईल असंच करावं. मूळ कार्ब्युरेटर, एअर फिल्टरचं घमेलं, लिंकेज आणि पेट्रोल पंप विकू नका, टाकूही नका.

इंजिन निरोगी आहे का

कार्ब्युरेटरच्या माथी मारले जाणारे बरेच दोष खरं तर इग्निशनचे किंवा व्हॉल्व्हचे असतात. इंजेक्शन बसवल्यावर ते जात नाहीत, उलट शोधायला कठीण होतात. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरवर असतानाच तपासणी उरका. गरम इंजिनावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात दहा टक्क्यांहून फरक असेल तर आधी हेड उतरवा. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप मिळवून घ्या. डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट हातानं हलवून पाहा. ती डुलत असेल तर पॉइंटचा गॅप कधीच स्थिर राहणार नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेच्या) गॅस्केटवर, चालू इंजिनावर, कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलले तर तिथून हवा शिरते. एक्झॉस्टची गळतीही आत्ताच बंद करा. पुढे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खोटं बोलू लागतो तो बहुतेक वेळा याच गळतीमुळे.

आणि डायनॅमो. जुन्या गाडीवर अजून डायनॅमो असेल तर त्याच्या जागी अल्टरनेटर बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेट्रोल पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) मिळून दहा-बारा अँपिअर सतत खातात. डायनॅमो आयडलला जवळपास काहीच देत नाही. रात्री दिवे, वायपर आणि ट्रॅफिक एकत्र आले की व्होल्टेज पडतं आणि गाडी भर चौकात बंद पडते.

मल्टीपॉइंट की एकाच तोंडावर

मल्टीपॉइंटमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर एक इंजेक्टर लागतो. त्यासाठी इनटेकवर ॲल्युमिनियमचे बंग (इंजेक्टर बसायच्या बैठका) वेल्ड करावे लागतात, म्हणजे टिग वेल्डिंग, मशीनिंग आणि परत न येणारा बदल. नवख्यानं तिथून सुरुवात करू नये. इथे दिलेली पद्धत सोपी आहे. कार्ब्युरेटर ज्या फ्लँजवर बसतो त्याच फ्लँजवर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यात दोन इंजेक्टर आणि वर एखाद्या छोट्या इंजेक्शन गाडीची थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप). ठोकळ्याचे बोल्ट सोडले की कार्ब्युरेटर परत जागेवर बसतो.

तोटाही आहे. पेट्रोल लांबच्या वाटेनं जातं आणि थंड इंजिनात वाटेच्या भिंतींना चिकटतं. त्यामुळे थंड स्टार्टला आणि अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर मल्टीपॉइंटपेक्षा जास्त इंधन द्यावं लागतं. इनटेकला एक्झॉस्टची किंवा पाण्याची ऊब मिळायची मूळ व्यवस्था असेल ती बंद करू नका.

इंजेक्टर किती मोठा

हिशोब पाटीवर करता येण्याजोगा आहे. पूर्ण ताकदीला असं इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल पितं. चाळीस हॉर्सपॉवरला तासाला १० किलो, म्हणजे साधारण साडेतेरा लिटर, म्हणजेच मिनिटाला २२५ सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांपर्यंतच चालवायचा, म्हणून २८०. ई२० साठी थोडी भर घालून ३००. दोन इंजेक्टर असतील तर प्रत्येकी १५० सीसी प्रतिमिनिट, ३ बार दाबाला. छोट्या गाड्यांचे इंजेक्टर याच्या आसपास असतात.

"मोठा घेतला तर काय बिघडलं?" असं विचारणारा भेटतोच. १५० सीसीचा इंजेक्टर या इंजिनात आयडलला एका फवाऱ्यासाठी साधारण ३ मिलिसेकंद उघडतो, आणि त्यातला एक मिलिसेकंद तर सुई उचलण्यातच जातो. ४०० सीसीचा लावला की हाच वेळ दोनच्या खाली येतो. एवढ्या छोट्या वेळात तो दर वेळी सारखं पेट्रोल देत नाही. आयडल डुलतं, धूर येतो आणि ट्यूनिंग करणारा ईसीयूतल्या इंधनाच्या नकाशाला (आरपीएम आणि भारानुसार पेट्रोल ठरवणाऱ्या तक्त्याला) दोष देत बसतो.

इंजेक्टर हाय-इम्पिडन्सचेच घ्या. मल्टिमीटरवर दोन टोकांत १२ ते १६ ओहम दिसले पाहिजेत. २-३ ओहमचा इंजेक्टर साध्या ईसीयूला थेट जोडला तर ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जळतं. भंगारातले घेतले असतील तर अल्ट्रासॉनिक सफाई आणि फ्लो टेस्ट करून घ्या. दोघांच्या प्रवाहात पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. वरखालचे ओ-रिंग नवेच घालायचे, तेही इथेनॉलला टिकणारे.

पेट्रोलची वाट

सगळ्या कामात इथे सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण आग लागली तर इथूनच लागते.

मूळ पंपाचा दाब बारच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत असतो. आता ३ बार हवेत. पद्मिनीच्या टाकीत आडवे पत्रे नाहीत असं धरूनच चला. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं आणि पंपानं हवा ओढली की कार्ब्युरेटरची वाटी वेळ मारून न्यायची. इंजेक्शनला वाटी नाही. क्षणभर हवा आली तरी गाडी झटका मारते. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे टाकी उतरवून आत वाटी आणि पंप बसवणं. हे नीटनेटकं, पण टाकी कापावी लागते. वाफेनं भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, तेव्हा हे काम फक्त टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्या, ओळखीच्या वेल्डरकडे नको.

दुसरा मार्ग सर्ज टँकचा. एक-सव्वा लिटरचं उभं भांडं घ्या. टाकीजवळ खाली बसवलेला कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप ते सतत भरत राहतो. भांड्याच्या तळातून हाय-प्रेशर पंप पेट्रोल घेतो. दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची परत येणारी नळी भांड्यात वरून, आणि भांड्याच्या अगदी माथ्यावरून जास्तीचं पेट्रोल व हवा परत मूळ टाकीत. माथ्यावरची नळी महत्त्वाची आहे. ती खाली लावली तर हवा अडकते आणि पंप गुरगुरू लागतो. टाकीत परतीची जागा नसेल तर पेट्रोलच्या काट्याच्या फ्लोटच्या प्लेटवर ८ मिमीची नळी ब्रेझ करून घेता येते, तीही प्लेट टाकीतून काढून, धुऊन. सर्ज टँक केबिनमध्ये किंवा उघड्या डिकीत ठेवू नका. तो गाडीच्या तळाशी, दगड लागणार नाही अशा आडोशाला, एक्झॉस्टपासून लांब असावा.

हाय-प्रेशर पंप छोट्या इंजेक्शन गाडीचा पुरतो. पंपाआधी १०० मायक्रॉनची जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा धातूचा फिल्टर. उलट लावले तर पंप तहानलेला राहून लवकर मरतो. जुन्या टाकीत गंज असेलच. ती आधी साफ करा, नाहीतर पहिल्या आठवड्यात दोन फिल्टर जातील.

लांबच्या पल्ल्याला ८ मिमीची स्टीलची नळी आणि जोडाला इंजेक्शनसाठीची एसएई जे३०आर९ छापलेली होज. कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी या दाबाला धरत नाही, आणि ई२० तिला आतून फुगवतं. पारदर्शक प्लॅस्टिक नळी तर कुठेच नको. क्लॅम्प गोल काठाचे, इंजेक्शनचे घ्या. भोकं असलेल्या पट्टीचा क्लॅम्प होज कापतो.

रेग्युलेटर ३ बारचा, व्हॅक्यूमची नळी असलेला. ही नळी थ्रॉटलच्या खाली जोडायची, म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतला फरक कायम ३ बार राहतो. आयडलला गेज साधारण अडीच बार दाखवील. नळी काढली की ३ वर जाईल. दाब ३ वरून ४ केला तर प्रवाह पंधरा टक्क्यांनी वाढतो. म्हणून दाब एकदा ठरवला की परत हात लावायचा नाही.

मूळ मेकॅनिकल पंप काढल्यावर ब्लॉकवरचं तोंड गॅस्केट आणि ६ मिमी जाडीच्या प्लेटनं बंद करा. हे विसरलं तर इंजिन ऑइल बाहेर येतं.

ठोकळा आणि थ्रॉटल बॉडी

थ्रॉटल बॉडी ३६ ते ४० मिमी बोअरची पुरे. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनत होती तिथल्याच सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी बॉडी शोधता येते. घेताना तीन गोष्टी बघा: शाफ्ट डुलत नाही ना, थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्ह सोबत आहेत ना, आणि त्यांचे कनेक्टर वायरसकट मिळतात ना. कनेक्टर नंतर शोधायला गेलात तर बॉडीपेक्षा जास्त पायपीट होते. केबलची बॉडीच घ्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नको. ५० मिमीची मोठी बॉडी लावली तर पॅडल जरा दाबताच गाडी उडी मारते आणि शहरात चालवणं नकोसं होतं.

ठोकळा ३५-४० मिमी जाडीचा. खालच्या अंगाला कार्ब्युरेटरच्या गॅस्केटवरून उचललेली भोकं, वरच्या अंगाला थ्रॉटल बॉडीची. मधलं भोक वरून खाली हळूहळू बदलणारं, पायरी नको. पायरीवर पेट्रोल साचतं. इंजेक्टर दोन बाजूंनी तिरके, फवारा समोरच्या भिंतीवर न जाता खाली इनटेकच्या तोंडात जाईल असे. टर्नरला देण्याआधी जाड पुठ्ठ्यावर नमुना कापून बोनेट बंद होते का, लिंकेज अडते का, ते पाहा. ॲक्सिलरेटरचा मूळ दांडा थ्रॉटलच्या चाकाला जुळत नसेल तर केबल लावा आणि दोन रिटर्न स्प्रिंग ठेवा. एक तुटली तरी थ्रॉटल मिटला पाहिजे.

डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर तिच्यासाठी थ्रॉटलच्या किंचित वर एक टॅप ठेवा.

आरपीएम कुठून घ्यायचे

कॉइलच्या निगेटिव्हवरून घेता येतात, पण पॉइंटची ठिणगी सिग्नलमध्ये इतका गोंधळ घालते की ईसीयूला कधी ८०० तर कधी ३००० दिसतात. क्रँकच्या पुलीवर ३६ दात त्यातला एक गायब असं चाक बसवा. ३-४ मिमी जाड साध्या लोखंडी पत्र्यातून लेझरनं कापून मिळतं. फिरताना ते पाव मिलिमीटरहून जास्त डोलता कामा नये. समोर हॉल सेन्सर (जाणारे दात चुंबकानं ओळखणारा), अंतर साधारण १ मिमी. सेन्सरचा ब्रॅकेट जाड पट्टीचा आणि थेट ब्लॉकवर. पातळ पट्टी विशिष्ट आरपीएमला थरथरते आणि तेवढ्याच आरपीएमला सिग्नल तुटतो. हा दोष आठवडाभर सापडत नाही.

सुरुवातीला इग्निशनला हात लावू नका. डिस्ट्रिब्युटर, कॉइल जसं आहे तसं, ईसीयूनं फक्त पेट्रोल सांभाळायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी मिसिंग मारू लागली तर दोष कुठे शोधणार? पेट्रोल स्थिर झाल्यावर, हवं तर, पॉइंट काढून टायमिंगही ईसीयूकडे द्या. त्या दिवशी मात्र पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) काढा आणि टायमिंग लाइटनं ईसीयूच्या आकड्याशी ताडून पाहा.

सेन्सर

पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, थ्रॉटलची स्थिती, मॅनिफोल्डचा दाब आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन, एवढे पुरेत. तापमानाचा बॉशच्या धर्तीचा सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास दाखवतो. दुसऱ्या कंपनीचा असेल तर वक्र वेगळा असतो. कपभर गरम पाणी आणि थर्मामीटर घेऊन तीन ठिकाणी मोजा आणि तेच आकडे ईसीयूत भरा. पाण्याचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या आत, इंजिनाच्या बाजूला हवा. रेडिएटरच्या बाजूला लावला तर इंजिन गरम झालं तरी ईसीयू थंड समजून पेट्रोल ओतत राहील.

मॅनिफोल्ड प्रेशरची नळी ४ मिमीची, थ्रॉटलखालून, स्वतंत्र. तिच्यात दुसरं काही जोडू नका. इंजिन बंद असताना मुंबईत १०० च्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास किलोपास्कल दिसले तर सेन्सर ठीक.

ऑक्सिजन सेन्सर वाइडबँडच (मिश्रण किती लीन-रिच ते आकड्यात सांगणारा) घ्या, बॉश एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर. एक्झॉस्टवर एम१८ × १.५ चा बंग, चारही पाइप एक झाल्यानंतर, सेन्सर आडव्या रेषेच्या किमान दहा अंश वर. खाली लावला तर पाणी साचून सिरॅमिक तडकतं. बंगमध्ये सेन्सर आहे आणि त्याला वीज नाही अशा स्थितीत गाडी चालवू नका. काजळी धरून तो निकामी होतो.

वायरिंग

ईसीयू म्हणून स्पीडुइनो हा ओपन-सोर्स बोर्ड इथे धरला आहे. तो अर्डुइनो मेगा २५६० वर चालतो, मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर बोर्डवरच असतो आणि लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओतून सगळं दिसतं. मेगास्क्वर्ट किंवा तयार ईसीयू घेतला तरी पुढची तत्त्वं तीच.

जुन्या वायरिंगमधून एकही जोड घेऊ नका. बॅटरीवरून फ्यूज, मग मुख्य रिले. इग्निशन की फक्त रिलेला जागं करते. पंपाला वेगळा रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, अडीच स्क्वेअर मिमीची वायर. इंजेक्टरला पाऊण, सेन्सरला अर्धा स्क्वेअर मिमी. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात असलाच पाहिजे. की फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंप चालतो, थांबतो आणि इंजिन फिरू लागल्यावरच परत चालतो. पंप थेट कीवर जोडला आणि अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल फवारत राहतो. रिलेच्या वाटेत धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विचही घाला.

अर्थिंगचा नियम असा: सेन्सरांच्या सगळ्या अर्थ वायरी ईसीयूवर परत येतात, बॉडीला कुठेच नाहीत. ईसीयूची पॉवर अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टवर. ब्लॉक ते बॉडी आणि बॅटरी ते ब्लॉक जाड, नव्या पट्ट्या, खालचा रंग खरवडून. क्रँक सेन्सरची वायर शिल्डची, शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ, आणि तिची वाट प्लगच्या वायरींपासून लांब. प्लग रेझिस्टरवाले आणि प्लगच्या वायरी सप्रेशनच्या. तांब्याच्या गाभ्याच्या जुन्या वायरी राहिल्या तर ईसीयू चालता चालता रिसेट होतो.

ईसीयू डॅशबोर्डखाली, बोनेटखाली नको. पावसाळ्यात पद्मिनीच्या काचेच्या रबरातून पाणी कुठे टपकतं ते आधी बघून जागा ठरवा.

पहिला स्टार्ट

दोन किलोचा एबीसी अग्निशामक जवळ, बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ब्युरेटर असतानाचं टायमिंग तसंच.

आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा. पंप चालवा, ३ बार येऊ द्या, दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर तिथेच थांबा.

मग लॅपटॉपवर थ्रॉटलचं कॅलिब्रेशन. मिटलेला साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडा साडेचारच्या आसपास. इंजिनाची माहिती: १०८९ सीसी, ४ सिलिंडर, २ इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी प्रकार, दर सायकलला ४ फवारे, आलटून-पालटून. स्टॉइकिओमेट्रीच्या (आदर्श हवा-पेट्रोल प्रमाणाच्या) रकान्यात १३.५. इंजेक्टरचा डेड टाइम (सुई उचलण्यात जाणारा वेळ) १ मिलिसेकंदानं सुरू करा. इंधनाच्या नकाशात सिलिंडर किती टक्के हवेनं भरतं ते लिहायचं असतं. आयडलच्या भागात ४० आणि जास्त भाराला ७०-७५ असा तो ढोबळ भरला तरी इंजिन पेटतं.

इंजेक्टर न जोडता सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. दोनशेच्या आसपास स्थिर आकडा आणि सिंक (ईसीयूला क्रँकच्या चाकाची स्थिती कळणं) कायम दिसलं की मगच इंजेक्टर जोडा. बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी आणि अर्थ सुधारा. न पेटता पेट्रोलचा वास आला तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. फ्लड क्लिअर चालू असेल तर ईसीयू पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर सुकतात.

ट्यूनिंग

आकडे लॅम्डात वाचायची सवय लावा. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा आणि लागणारी हवा यांचं प्रमाण. पेट्रोल शुद्ध असो वा ई२०, लॅम्डा १ म्हणजे बरोबर मिश्रण, १ च्या खाली रिच, वर लीन. १४.७ चं गेज ई२० वर डोक्याला ताप देतं. या इंजिनाला आयडलला ०.९५ च्या आसपास, सपाट रस्त्यावर १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८.

इंजिन ७० अंशांवर गेल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही. एक जण गाडी चालवतो, दुसरा लॅपटॉप बघतो. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे पाहायचंच नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकेका आरपीएमला काही सेकंद धरून नकाशाचे चौकोन बसवा, शेजारचे चौकोन हातानं सपाट करा. जोरात चढ घेताना लॅम्डा ०.९५ च्या वर गेला तर लगेच पाय काढा.

स्थिर नकाशा बसल्यावरच ॲक्सिलरेशनची भर. दाबल्याबरोबर गाडी अडखळली आणि लॅम्डा आधी लीनकडे उडाला तर भर कमी आहे. काळा धूर आणि सुस्ती असेल तर जास्त आहे. शेवटी थंड स्टार्ट. त्याला रोज सकाळी एकच प्रयत्न मिळतो, म्हणून पंधरवडा धरा. नेहमीच्या पेट्रोलच्या २० अंशांना १३०-१४० टक्के, ७० अंशांना १०० ही सुरुवात चालते.

बिघडतं ते कुठे

लॅम्डा लीन दिसतो, पेट्रोल वाढवलं तरी लीनच, गाडी मात्र वाईट होत जाते: हे मिसिंग आहे. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर त्याला लीन म्हणतो. पेट्रोल वाढवत गेलात तर प्लग आणखी भिजतात. प्लग, कॅप आणि पॉइंट बघा, मग एक्झॉस्टची गळती.

आयडल वरखाली झुलतं तेव्हा आधी आयडल व्हॉल्व्हचं क्लोज्ड लूप (ईसीयूनं आयडल आपोआप सांभाळणं) बंद करा. तरी झुललं तर ठोकळ्याच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे.

गरम गाडी दहा मिनिटं उभी करून परत सुरू केली की अर्धा मिनिट रडते. बोनेटखालच्या उष्णतेनं हवेचा सेन्सर तापतो, ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कापतो. तो सेन्सर थ्रॉटल बॉडीवरून काढून एअर फिल्टरच्या घमेल्यात, बाहेरची हवा लागेल तिथे हलवा.

ठरावीक आरपीएमला क्षणभर इंजिन बंद पडल्यासारखं होतं तेव्हा लॉगमधला सिंक लॉसचा आकडा बघा. तो वाढत असेल तर नकाशाचा संबंध नाही, सेन्सरचं अंतर, ब्रॅकेट किंवा शिल्ड.

ट्यूनिंगच्या दिवसांत बरंच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. वास आला नाही तरी पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, त्यानंतरच पीयूसीला जा. डिकीत दोन रिले, फ्यूजची पुडी, एक क्रँक सेन्सर आणि मीटरभर इंजेक्शनची होज ठेवा. लांबच्या प्रवासाला निघताना जुना कार्ब्युरेटर, मूळ पंप आणि त्यांची गॅस्केटंही एका डब्यात सोबत घ्या.